युकॉनला निघालात? मग निदान या चुका तरी करू नका

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. मी एडमंटनला राहतो आणि सात वेळा गाडीनं कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला लागून असलेल्या युकॉनला जाऊन आलोय. एवढ्याशा भांडवलावर नातेवाइकांत आणि इथल्या मराठी मंडळात मी 'उत्तरेचा जाणकार' ठरलोय. प्रश्न ठरलेला असतो : "जूनमध्ये येतोय, चार दिवसांत युकॉन होईल ना?"

होत नाही. आपला अख्खा महाराष्ट्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडा वर, युकॉन पावणेपाच लाखांच्याही वर. वस्ती जेमतेम 45,000च्या आसपास, त्यातली बहुतेक एकट्या व्हाइटहॉर्स या राजधानीत. बाकी मुलखात दोन गावांमध्ये दोन-दोन तास काही लागत नाही. फोनला रेंज नाही, चहाची टपरी तर विसराच.

दोन डॉसनमधला गोंधळ

डॉसन क्रीक ब्रिटिश कोलंबियात आहे, अलास्का हायवे तिथून सुरू होतो. सोन्याच्या शोधासाठी गाजलेलं डॉसन सिटी युकॉनमध्ये आहे. नावं एकाच भूगर्भशास्त्रज्ञावरून पडली, पण मध्ये 1,900 किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. माझ्या चुलतभावानं चुकीच्या डॉसनमध्ये तीन रात्रींचं हॉटेल घेतलं आणि वर मलाच सांगितलं, "तू म्हणतोस तेवढं महाग नाहीये रे." पैसे परत मिळाले नाहीत.

जूनमध्ये ऑरोरा

मध्यरात्रीचा उजेडही बघायचाय आणि रात्रीच्या आभाळात झळकणारे नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ऑरोराही, तेही एकाच फेरीत. मी हे सांगून थकलो. जूनच्या अखेरीस व्हाइटहॉर्सला सूर्य रात्री साडेअकराच्या सुमाराला मावळतो आणि आभाळ नीट काळं होतच नाही. दिवे लावलेल्या खोलीत काजवा शोधण्यातला प्रकार. ऑरोरा ऑगस्टच्या शेवटी शेवटी दिसू लागतो. पण फार पुढे सरकू नका, कारण सप्टेंबरच्या मध्यानंतर डॉसनची बरीचशी दारं मेपर्यंत बंद होतात. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा. डासही कमी, टुंड्रा लाल झालेला, आणि नशीब असेल तर रात्री हिरवा पडदा. व्हाइटहॉर्सला धरणाशेजारी माशांसाठी बांधलेला लाकडी जिना आहे, सुमारे 366 मीटर लांब. तिथेही तेच. बेरिंग समुद्रापासून 3,000 किलोमीटर पोहत येणारा चिनूक सामन मासा जुलै सरता सरता पोचतो. जूनमध्ये फक्त पाणी बघाल. आणि हल्ली ऑगस्टमध्येही मासे मोजकेच असतात. संख्या इतकी घटली की 2024 साली कॅनडा आणि अलास्कानं युकॉन नदीतली चिनूकची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली.

म्युझियम 'पाऊस पडला तर'

ही चूक माझ्या डोक्यात जाते, कारण पहिल्या फेरीत मी स्वतः केली.

डॉसनला पोचता पोचता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोट्यांचे ढिगारे लागतात. मैल न् मैल, वळवळत गेलेले, एखाद्या अजस्र गांडुळानं माती उकरून टाकल्यासारखे. मी बायकोला म्हणालो, "काय हा पसारा, रस्त्याचं काम काढलंय वाटतं." चार दिवस त्या ढिगाऱ्यांमधून ये-जा केली, फोटो एक नाही. शेवटच्या दिवशी पाऊस लागला म्हणून बोनान्झा क्रीकवरचं ड्रेज नंबर 4 बघायला गेलो. आठ मजली लाकडी यंत्र, 1912 साली बांधलेलं. स्वतःच्याच डबक्यात तरंगत ते पुढे सरकायचं. समोरून बादल्यांच्या साखळीनं अख्खी दरी खरवडायची, पोटात सोनं धुऊन घ्यायचं आणि मागून गोटे ओकायचे. 1959 पर्यंत हे चाललं. तेव्हा कुठे उलगडलं, की ज्याला मी पसारा म्हणत होतो तेच तर इथलं बघण्यासारखं होतं. परतताना गाडी थांबवून बायको ढिगाऱ्यावर चढली आणि मी भिजत उभा राहिलो. तिनं पुढची पाच वर्षं 'रस्त्याचं काम' काढून मला छळलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. गावात शिरलं की सामान टाकायचं आणि आधी म्युझियम, मग डोंगरदऱ्या. व्हाइटहॉर्सला विमानतळाजवळचं बेरिंजिया सेंटर. हिमयुगात डॉसनकडचा मुलूख बर्फाखाली नव्हताच. सायबेरियापासून तिथवर कोरडी गवताळ जमीन सलग होती, मॅमथ त्यावर चरत होते. हे डोक्यात घेऊन बाहेर पडलात की तेच उघडेबोडके डोंगर वेगळे दिसतात. शेजारी ट्रान्सपोर्टेशन म्युझियमच्या दारात आख्खं डीसी-3 विमान खांबावर बसवलंय. वारा फिरला की तेही फिरतं, वातकुक्कुटासारखं. मुलांना एवढं एक पुरतं.

डॉसनमध्ये लोक सोनं, जुगारघर आणि तो पेल्यात माणसाच्या पायाचं बोट टाकलेला कॉकटेल, एवढं उरकून निघतात. नदीकाठचं दानोजा झो हे इथल्या मूळ रहिवासी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचं सांस्कृतिक केंद्र ते ओलांडून जातात, कारण 'तिथे सोनं नाहीये'. 1896 मध्ये सोनं सापडल्यावर लोंढे आले तेव्हा या लोकांचा प्रमुख चीफ आयझॅक यानं माणसांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला हलवलं. आपली गाणी, आपले नाच या गर्दीत टिकणार नाहीत हे ओळखून ते अलास्कातल्या नातलगांकडे सोपवले. ठेव ठेवावी तसे. पुढे त्यांच्या वंशजांनी ते परत आणले. ही गोष्ट ऐकल्यावर जुगारघरात माझं मन कधी रमलं नाही. तुमचं रमत असेल तर जा बापडे. पण आधी इथे एक तास द्या.

डेम्पस्टरवर 'जरा जाऊन येऊ'

डॉसनपासून 40 किलोमीटरवर डेम्पस्टर हायवे फुटतो आणि इनुविकपर्यंत 700 किलोमीटरहून जास्त जातो. नुसती खडी. पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्सला, 369व्या किलोमीटरवर. म्हणजे मुंबईहून निघून रत्नागिरी ओलांडलीत तरी वाटेत पंप नाही. खडीत शेल दगड असतो, फुटला की सुरीसारखी धार.

हे सगळं मी माझ्या मावसभावाला समोर बसवून सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण घाटात गाड्या मारलेली माणसं." भाड्याची सेडान. करारात बारीक अक्षरात खडीच्या रस्त्यावर नेऊ नये असं लिहिलेलं. ते वाचलं मी, सही केली त्यानं. त्याला आर्क्टिक सर्कलच्या पाटीसमोर फोटो हवा होता. ती 405व्या किलोमीटरवर. सकाळी उशिरा निघालो, तो नव्वदनं हाणत होता. दीडशेच्या आसपास मागचं चाक बसलं. डिकी उघडली तर स्टेपनी म्हणजे मोटरसायकलच्या चाकाएवढी, गावात गॅरेजपर्यंत जायला देतात ती. ती लावून पन्नासच्या आत वेग ठेवत मागे फिरलो. चाळीस किलोमीटरवर दुसरं चाक गेलं.

मग बसलो. चार तास. डासांमुळे काचा बंद, उकाड्यानं जीव नकोसा, खायला चकलीचा एक डबा. येणाऱ्या पहिल्याच ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. तिथे कुणी न थांबता जात नाही, हे त्या भागाचं मोठेपण. त्यानं चाकाला प्लग मारला, हवा भरली. पैसे घेतले नाहीत, चकल्या घेतल्या. आमच्या स्टेपनीकडे बघून तो जे हसला, ते मावसभावाला माझ्या उपदेशापेक्षा जास्त लागलं. भाड्याच्या गाडीचा हिशोब वेगळा, तो आकडा घरात अजून उघड झालेला नाही.

माझी सवय सांगतो. स्वतःची उंच गाडी, पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, प्लग किट, हवेचा पंप, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा. वेग साठ-सत्तर. समोरून ट्रक आला की कडेला घेऊन जवळजवळ थांबायचं, नाहीतर काच गेलीच. आणि एवढी तयारी नसेल तर 71.5 किलोमीटरवरच्या टूमस्टोन पार्कच्या सेंटरपर्यंत जा, तेही खडीचा रस्ता चालेल असा करार असलेल्या गाडीनं. तिथला चहा प्या, थोडं पुढे जाऊन दरीतून दिसणारे ते करवती सुळके बघा आणि फिरा मागे. डेम्पस्टरचं सगळ्यात देखणं तुम्ही बघितलेलं असेल. सर्कलच्या पाटीत पाटीपलीकडे काही नाही.

किरकोळ, पण दर वर्षी होणाऱ्या

व्हाइटहॉर्सहून कारक्रॉसमार्गे ज्या स्कॅगवेला जायचं सगळे ठरवतात, ते अमेरिकेत, अलास्कात आहे. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर कारक्रॉसपर्यंत जा, तिथलं चिमुकलं 'वाळवंट' बघा (खरं तर जुन्या हिमनदी-सरोवराच्या तळाची वाळू) आणि परत या.

माउंट लोगन, 5,959 मीटर, कॅनडातलं सर्वोच्च शिखर. हायवेवरून दिसत नाही, पुढच्या रांगा आड येतात. तुम्ही फेसबुकवर टाकलेला फोटो दुसऱ्याच डोंगराचा आहे. बघायचंच तर छोट्या विमानाचे पैसे मोजा.

बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा तिखट फवारा) विमानात चालत नाही, सामानातसुद्धा नाही. तिथे उतरून विकत घ्या. आणि तो डासांच्या औषधासारखा अंगाला मारायचा नसतो. हसू नका, एकानं मला विचारलंय.

युकॉननं 2020 पासून घड्याळं बदलणं सोडलंय, अलास्का अजून बदलतं. उन्हाळ्यात एक तासाचा फरक पडतो. डॉसनहून अलास्कात जाणाऱ्या टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेवरची सीमाचौकी रात्री बंद असते. गेटाबाहेर गाडीत झोपलेले दोन इंजिनिअर मला माहीत आहेत.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. पुढे स्वस्त मिळेल हा विचार पुण्यात सोडून या.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. 1942 साली अलास्का हायवे बांधताना घरची आठवण आलेल्या एका अमेरिकन सैनिकानं आपल्या गावाची पाटी लावली, आणि आता हजारोंनी झाल्यात. आपली पाटी घरूनच रंगवून न्या, नगरपालिकेची उपटून आणू नका. आम्ही 'नाशिक रोड' नेली होती. हातोडी होती, खिळे मात्र विसरलो, मग शेजारच्या जर्मन आजोबांकडून मागून घेतले.