विगमोर हॉलची दुपारची मैफल गाठायची असेल तर

लंडनला नातेवाइकांकडे गेलात की एक दुपार ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खरेदीतून काढा आणि पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या मैफलींसाठी जवळच्याच विगमोर हॉलमध्ये जा. बेखस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये उघडलेलं हे सभागृह पहिल्या महायुद्धात जप्त होऊन विकलं गेलं, १९१७ मध्ये आजच्या नावाने पुन्हा सुरू झालं. जेमतेम साडेपाचशे खुर्च्या. माइक नसतो, त्यामुळे चेलोच्या (व्हायोलिनच्या मोठ्या, खर्जातल्या भावंडाच्या) तारेवर गज टेकतानाची बारीक खरखरही ऐकू येते. अर्थात तुमच्या गोळीच्या कागदाची चुरचुरही सगळ्यांना ऐकू जाते. खोकल्याची गोळी आधीच सोलून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सोमवारी दुपारी एकची मैफल निवडावी. तासाभरात आटोपते, तिकीटही सहसा संध्याकाळपेक्षा स्वस्त. पियानो असेल तर डावीकडची खुर्ची घ्या, वादकाचे हात दिसतात. वेळेआधी पोहोचा, उशीर झाला तर मधल्या विरामापर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं.

टाळ्यांचं मात्र सांभाळा. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे गजाने वाजणाऱ्या वाद्यांच्या चार वादकांसाठीच्या रचनेत, बहुधा चार भाग असतात आणि मधे कुणी टाळी वाजवत नाही. आपल्याला जागेवर ‘क्या बात है’ म्हणायची सवय, ती इथे गिळावी लागते (जड जातं!). चौघांचे गज खाली आले की मग मनसोक्त वाजवा. गाण्याची मैफल असेल तर गाण्यांचे शब्द छापलेल्या हातातल्या पुस्तिकेचं पान गाणं संपल्यावरच उलटा. कपड्यांचं कुणी काही बघत नाही.