बर्स्ट नेमका कुठे अडतो: मेमरी कार्डच्या वेगाचा माझा अनुभव

क्रीडाछायाचित्रण शिकू लागल्यावर पहिले वर्षभर माझे सगळे लक्ष लेन्स आणि ऑटोफोकस यांच्याकडे होते. मेमरी कार्ड घेताना ते किती गिगाबाइटचे आहे आणि त्यात किती फोटो मावतील एवढेच मी पाहत असे. एका लांब उडीच्या स्पर्धेत मात्र त्या कार्डामुळेच माझ्या हातचा क्षण गेला, आणि त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. बर्स्ट शूटिंगची, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग अनेक फोटो घेण्याची, नुकतीच सुरुवात करणाऱ्याला तोच रस्ता पुन्हा चाचपडत चालावा लागू नये, या इच्छेने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी माझा कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम घेण्यावर लावलेला होता. रॉ (सेन्सरची मूळ माहिती असलेली मोठी फाइल) आणि जेपेग (दाबून लहान केलेली तयार फाइल) अशा दोन्ही फाइली साठवण्याचा पर्याय मी निवडला होता, आणि सुरक्षिततेसाठी दोन्ही स्लॉटमधल्या कार्डांवर त्यांची प्रत जात होती. खेळाडूने धाव सुरू करताच मी शटरचे बटण दाबले आणि दाबूनच ठेवले. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात, आणखी किती फ्रेम सलग घेता येतील हे दाखवणारा आकडा असतो. तो झपाट्याने उतरत होता, पण माझे डोळे खेळाडूच्या पायांवर होते. चौथ्या सेकंदाच्या आसपास शटरचा सलग खडखडाट एकाएकी तुटला आणि त्याच्या जागी एक सुटा आवाज, मग थांबा, मग पुन्हा एक सुटा आवाज असे सुरू झाले. खेळाडूने उडी घेतली ती नेमकी याच वेळी. पुढे फोटो पाहिले तेव्हा एका फ्रेममध्ये पाय फळीवर टेकलेला होता आणि त्यानंतरच्या फ्रेममध्ये टाचा वाळूत रुतलेल्या होत्या. मधली संपूर्ण झेप, जिच्यासाठी मी तिथे उभा होतो, ती कुठेच नव्हती. कार्डावर लेखन चालू असल्याचे दाखवणारा कॅमेऱ्याच्या मागचा छोटा लाल दिवा मात्र त्यानंतरही बराच वेळ लुकलुकत राहिला.

शाळेच्या गणितात हौदाचे उदाहरण असते: एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? बर्स्टचे गणित अगदी हेच आहे. सेन्सरवरून आलेली प्रत्येक फ्रेम थेट कार्डावर जात नाही; ती आधी कॅमेऱ्यातल्या बफर नावाच्या अतिशय वेगवान, पण मर्यादित आकाराच्या स्मृतीत जाते आणि तिथून सवडीने कार्डावर लिहिली जाते. फ्रेमचा आकार गुणिले सेकंदाच्या फ्रेम हा भरणारा नळ, आणि कार्डाचा लेखनवेग हा रिकामा करणारा नळ. समजा, एक रॉ फाइल ३० मेगाबाइटची आहे, गती सेकंदाला १० फ्रेम आहे आणि बफर ७५० मेगाबाइटचा आहे. म्हणजे दर सेकंदाला ३०० मेगाबाइट आत येतात. कार्ड सेकंदाला ७५ मेगाबाइट लिहीत असेल, तर हौदात दर सेकंदाला २२५ मेगाबाइटची भर पडते आणि तो साधारण सव्वातीन सेकंदांत, म्हणजे ३३ फ्रेमनंतर, भरतो. पुढे कॅमेरा कार्डाच्या गतीनेच चालतो, म्हणजे सेकंदाला अडीच फ्रेम. आणि तुम्ही बटण सोडले तर पूर्ण हौद रिकामा व्हायला १० सेकंद लागतात. आता कार्ड बदलून सेकंदाला २२५ मेगाबाइट लिहिणारे घातले, तर हौद भरायला १० सेकंद लागतात, तेवढ्यात १०० फ्रेम होतात, त्यानंतरही कॅमेरा सेकंदाला साडेसात फ्रेम घेत राहतो आणि रिकामे होण्याचे काम सव्वातीन सेकंदांवर येते. लेखनवेग तिप्पट झाला, तर सलग मिळणाऱ्या फ्रेमही तिप्पट झाल्या. दोन नळांमधले अंतर आणखी कमी झाले, तर हा आकडा याहूनही झपाट्याने वाढतो, आणि रिकामा करणारा नळ वरचढ ठरला तर हौद भरतच नाही.

या गणितातली एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आली नव्हती. वेगवान कार्डाने बर्स्टचा पहिला सेकंद जराही वेगवान होत नाही. सेकंदाला ७ फ्रेम घेणारा कॅमेरा कितीही महाग कार्ड घातले तरी ७ च फ्रेम घेतो. कार्डाचा परिणाम दिसतो तो बफर भरण्याच्या सुमारास आणि त्यानंतर, विशेषतः एक प्रसंग संपून लगेच दुसरा सुरू होतो तेव्हा. माझ्या मते खऱ्या कामात हा सावरण्याचा वेळच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तीस सेकंद सलग बटण दाबून ठेवण्याची वेळ क्वचितच येते, पण तीन सेकंदांच्या बर्स्टनंतर पाच सेकंदांनी पुन्हा बटण दाबावे लागणे हे रोजचे आहे.

स्पर्धेनंतर मी घाईने एक महाग कार्ड विकत घेतले, पहिल्या स्लॉटमध्ये घातले, आणि फरक काहीच पडला नाही. कारण दुसऱ्या स्लॉटमध्ये जुने कार्ड तसेच होते. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत लिहिली जात असेल, तर बफरमधली फ्रेम दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय मोकळी होत नाही, आणि म्हणून मंद कार्डाचा वेग हाच सगळ्यांचा वेग ठरतो. शिवाय दोन्ही स्लॉट एकाच क्षमतेचे असतात असेही नाही. सोनीच्या २०१८ मधल्या ए७ थ्री (A7 III) या कॅमेऱ्यात एक स्लॉट यूएचएस-२ चा आहे, तर दुसरा त्याहून मंद यूएचएस-१ चा (एसडी कार्डांच्या वेगाच्या या दोन श्रेणी). त्यामुळे कार्ड निवडण्याआधी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटचे पान उघडून पाहावे, हे मी आग्रहाने सांगतो.

कार्डावरच्या खुणा वाचायला शिकणे हा यातला खरा अभ्यास आहे. ठळक अक्षरात छापलेला आकडा बहुधा वाचनवेगाचा असतो. लेखनवेग त्याहून कमी, कधी निम्म्याहूनही कमी असतो, आणि तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. माझ्या जुन्या कार्डावर ९० हा आकडा होता, पण ते सेकंदाला जेमतेम ४० ते ४५ मेगाबाइटच्या वेगाने लिहीत होते. रॉ आणि जेपेग मिळून एक फ्रेम ३८ मेगाबाइटच्या आसपास जात असल्यामुळे बफर भरल्यावर सेकंदाला एकच फ्रेम का पडत होती, याचे उत्तर तिथेच मिळाले. कार्डावर छापलेला रोमन एक (I) म्हणजे यूएचएस-१, ज्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. रोमन दोन (II) म्हणजे यूएचएस-२, ज्याची मर्यादा ३१२ आहे. यूएचएस-२ कार्ड उलटे करून पाहिले की मागे सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ दिसते, आणि ही ओळ ओळखणारा स्लॉट कॅमेऱ्यात नसेल तर ते कार्ड यूएचएस-१ च्याच वेगाने चालते. काही यूएचएस-१ कार्डांवर १७० सारखा मोठा आकडा असतो. तो त्या उत्पादकाच्या खास रीडरमध्ये मिळणारा वाचनवेग असतो आणि बर्स्टसाठी त्याचा उपयोग नसतो. व्ही३०, व्ही६० आणि व्ही९० या खुणा चित्रफितीसाठी आहेत: सलग लिहिताना वेग सेकंदाला अनुक्रमे ३०, ६० आणि ९० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही, एवढीच हमी त्या देतात. बर्स्टमध्ये प्रत्यक्ष वेग याहून बराच जास्त असू शकतो, पण किमान हमी म्हणून मी त्या खुणेला मान देतो.

सीएफएक्सप्रेस या एसडीहून वेगवान प्रकारच्या कार्डांचे जग वेगळे आहे. त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीत टाइप ए ची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला १००० मेगाबाइट आणि टाइप बी ची २००० आहे. मात्र तिथेही कॅमेऱ्याची प्रत्यक्ष लिहिण्याची क्षमता त्याहून कमी असते, आणि स्वस्त कार्डे तापल्यावर किंवा आतली वेगवान जागा भरल्यावर मंदावतात. सेकंदाला ७ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने शिकणाऱ्याने इकडे वळण्याची काहीच गरज नाही.

छापील आकड्यांपेक्षा स्वतःच्या कॅमेऱ्यावरची चाचणी अधिक विश्वासाची असते. माझी पहिली चाचणी चुकली, कारण मी लेन्सवर टोपी ठेवूनच बटण दाबले होते. काळ्या फ्रेम दाबून अगदी लहान होतात, त्यामुळे बफर जणू भरतच नव्हता आणि मला खोटा दिलासा मिळाला. नंतर मी पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटावर कॅमेरा रोखला, फोकस हाताने पक्का केला, शटरवेग १/१००० आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) स्पर्धेत लागतो तेवढा ठेवला, आणि शेजारी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून ३० सेकंद बटण दाबून ठेवले. आवाज कितव्या सेकंदाला तुटला, तोपर्यंत किती फ्रेम झाल्या आणि बटण सोडल्यावर लाल दिवा विझायला किती वेळ लागला, हे तीन आकडे वहीत लिहिले. आयएसओ जाणीवपूर्वक सारखा ठेवावा लागतो, कारण आयएसओ वाढला की फोटोतला रवा, म्हणजे दाणेदारपणा, वाढतो, रव्याची फाइल नीट दाबली जात नाही, ती फुगते आणि बफर लवकर भरतो.

खर्च न करताही बरेच काही साधते. रॉ आणि जेपेग या दोन्हींऐवजी एकच प्रकार निवडला, असंकोचित रॉऐवजी गुणवत्ता न घटवणारे संकोचित रॉ निवडले, तर भरणारा नळ लगेच बारीक होतो. बातमीसाठी काम करणारे अनेक क्रीडाछायाचित्रकार जेपेगच वापरतात, आणि त्यामागे फोटो पटकन पाठवता येणे हेही तितकेच मोठे कारण आहे. पाठवण्याच्या या टप्प्यावर कार्डाचा वाचनवेग कामाला येतो. तिथे जुना यूएसबी २.० रीडर वापरला, तर कितीही चांगले कार्ड सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटवर येऊन थांबते.

सर्वांत मोठा फरक मात्र बोटाच्या सवयीने पडला. धाव सुरू होताच बटण दाबण्याऐवजी मी आता बटण अर्धे दाबून फोकस खेळाडूवर ठेवतो, धावेची लय मनात मोजतो आणि फळीआधीच्या शेवटच्या तीन पावलांना बर्स्ट सुरू करतो. खेळाडू वाळूत स्थिरावला की बोट लगेच उचलतो. एवढ्यात फार तर २० फ्रेम होतात आणि हवेतली सहा-सात आसने त्यात येतात. यंत्रे वेगवान झाली तरी ही शिस्त सुटत नाही, कारण बफरही त्याच प्रमाणात लवकर भरतात. निकॉनच्या २०१६ मधल्या डी५०० मध्ये एक्सक्यूडी या वेगवान प्रकारच्या कार्डासह सेकंदाला १० या गतीने सलग २०० रॉ फ्रेम, म्हणजे २० सेकंद, मिळत. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्री (A9 III) या कॅमेऱ्यात सेकंदाला १२० फ्रेम मिळतात, पण त्या गतीला बफर साधारण १.६ सेकंदच पुरतो.

लाल दिवा चालू असताना कार्डाचे दार उघडू नये आणि बॅटरी काढू नये. बफरमधल्या फ्रेम तोपर्यंत कुठेही सुरक्षित नसतात. नवे कार्ड हाती आले की मी आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) या संगणकावरच्या प्रणालीने त्याची क्षमता खरी आहे का ते तपासतो, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून कपाटासमोरची ३० सेकंदांची चाचणी घेतो आणि लाल दिवा विझायला लागलेले सेकंद व तारीख कार्डाच्या डबीवर लिहून ठेवतो. काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतो, आणि फॉरमॅट करूनही सेकंद वाढलेले दिसले, तर ते कार्ड स्पर्धेच्या पिशवीतून काढून सावकाश कामांच्या पिशवीत ठेवतो.