पोरांना आधी सोलकढी शिकवा

मालवणात आमच्या घरी पोरांचा स्वयंपाक सोलकढीपासून सुरू होतो, कारण विस्तव लागत नाही. दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्यायची. नारळ विळीवर तुम्हीच खवा. खोबरं, दोन लसणीच्या पाकळ्या, अर्धी मिरची नि थोडं पाणी मिक्सरला लावून दिलंत, की फडक्यातून रस पिळायचं काम पोराचं. दोनदा पिळू दे. ओट्यावर सांडेल, सांडू दे! आमसुलाचं पाणी थोडं थोडं घालत जायचं, गुलाबी रंग आला की पुरे. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलंत तर मीठ चाखूनच घाला, आगळ मुळात खारट असतं. कढी उकळायची मात्र नाही, फाटते. हे जमलं की पेज, मग घावणे. बांगडा साफ करायला इतक्यात देऊ नका.