एचआयव्हीबाधितांसाठी सेवा उभारताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग या मराठी वस्तीत कोण कुणाचा भाचा आणि कोण कुणाची विहीण, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे रुग्णालयाच्या रांगेत ओळखीचा चेहरा दिसला, की तपासणीसाठी आलेला माणूस आल्या पावली परततो. सेवेची आखणी करणारे मात्र यंत्रे आणि खोल्या मोजत बसतात आणि पूर्ण नाव मोठ्याने पुकारणे, फाइलीवर लाल शेरा मारणे किंवा ‘त्या खोलीत जा’ असे चारचौघांत सांगणे यांकडे दुर्लक्ष करतात. नावाऐवजी टोकन क्रमांक द्यावा आणि नोंदणी सर्वसाधारण खिडकीवरच करावी. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही/एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यानुसार रुग्णाची स्थिती उघड करण्यासाठी सामान्यतः त्याची लेखी संमती लागते. गोपनीयतेचा फलक टांगल्याने ती जबाबदारी संपत नाही.

दुसरी चूक वेळेची. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात पाळीने राबणाऱ्याला औषधासाठी दर महिन्याला रोजंदारी बुडवायला लावली, तर तो कधीतरी येणे थांबवतोच. प्रकृती स्थिर असलेल्यांना काही महिन्यांची औषधे एकदम देण्याची आणि घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून (एआरटी म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार; लिंक केंद्र म्हणजे मुख्य केंद्राला जोडलेले छोटे केंद्र) ती मिळवून देण्याची सोय वापरावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला दिसताच रुग्णावर ‘गोळ्या चुकवतोस’ असा ठपका ठेवणे. मिलीलीटरमागे 1000 प्रतींच्या वर आकडा गेला, तर आधी रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो ते विचारावे. सध्याच्या एकत्रित गोळीतील डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध लोह किंवा कॅल्शियमबरोबर उपाशीपोटी, किंवा आम्लपित्ताच्या काही औषधांबरोबर कधीही घेतल्यास नीट शोषले जात नाही. ते त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावे लागते. गर्भवतीला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका ठिकाणी मिळतात, एआरटी दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींची सांगड घालणारे कुणीच नसते. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू असेल, तर प्रौढांना रोजच्या गोळीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची 50 मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. हे तपासून, समुपदेशन करून, साधारण 3 महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि मगच औषधे बदलण्याचा विचार करावा.

राहिला प्रश्न भाषेचा. येथील जुन्या मराठी घरांतून हिंदी सहज बोलली जाते. पण खानदेशातून लग्न होऊन आलेल्या सुनेला शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न परक्या भाषेत विचारायचे आणि उत्तरांसाठी सासूलाच दुभाषी म्हणून बसवायचे, हा प्रकार सर्रास खपवून घेतला जातो. तिच्याशी मराठी जाणणाऱ्या परिचारिकेनेच एकान्तात बोलावे, आणि इंदुरात तशी परिचारिका मिळत नाही, ही सबब कुणी सांगू नये.