मोठा कॅम, हाय-कॉम्प्रेशन पिस्टन आणि ड्यूक 390चं पेट्रोल सेटिंग

हे सगळं केबल थ्रॉटलच्या जुन्या ड्यूक 390बद्दल आहे: 89 मिमी बोअर, 60 मिमी स्ट्रोक, 373 सीसी. ट्रॅकसाठी बनवलेली गाडी धरा. हाय-कॉम्प्रेशन पिस्टन, जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम, पोर्टिंग केलेलं हेड, फ्री-फ्लो सायलेंसर आणि स्टॅण्डअलोन ईसीयू, म्हणजे लॅपटॉपवरून सेट करता येणारा इंजिनाचा वेगळा कॉम्प्युटर. अशा इंजिनावर कंपनीचा मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचं ईसीयूमधलं टेबल) चालत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीचा मॅप टाकून तर अजिबात भागत नाही.

लॅपटॉप उघडायच्या आधी टॅपेट गॅप, टायमिंग चेन, नवा प्लग, पेट्रोल फिल्टर आणि बॅटरी चार्जिंग बघून घ्या. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. चार्जिंगचा हा दोष मॅपमध्ये पेट्रोल वाढवून झाकला, तर पुढे बॅटरी नीट चार्ज झाल्यावर तीच गाडी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते.

सायलेंसरच्या पाइपातला कंपनीचा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही. लॅम्बडा 1 म्हणजे हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण; त्याखाली रिच, त्यावर लीन. 1च्या आसपास सोडलं तर तो फक्त रिच की लीन एवढंच सांगतो. नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा. बेंड पाइपवर बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करताना सेन्सरचं टोक खाली तिरकं राहील असं बघा, म्हणजे पाणी साचून तो तडकणार नाही. वाइडबँडला करंट न देता तो पाइपात ठेवून इंजिन चालवू नका, काजळी धरून खराब होतो. आणि आकडे लॅम्बडामध्येच वाचा. आता पंपावर E20 मिळतं. निव्वळ पेट्रोलसाठी हवेचं आदर्श प्रमाण 14.7, तर E20चं 13.5च्या आसपास. लॅम्बडा धरला की हा घोळच उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या कॅमच्या इंजिनावर आयडलिंगला वाइडबँडचा आकडा खरा मानू नका. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असल्यामुळे थोडी ताजी हवा न जळता थेट पाइपात जाते, शिवाय मधूनच मिसिंग होतं. न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो ‘लीन’ म्हणून ओरडतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग ओला होतो, मिसिंग वाढतं, आकडा आणखी लीन दिसतो. सायलेंसरच्या जोडातून हवा शिरत असेल तरी हेच होतं, म्हणून गॅस्केट आधी तपासा. आयडलिंग कानाने आणि आरपीएमने लावा: पेट्रोल थोडं थोडं कमी करत जा, आरपीएम पडायला लागले की किंचित वाढवा आणि थांबा.

अशा सिंगल सिलिंडरला आयडलिंगला व्हॅक्यूम स्थिर राहत नाही, सुई नाचत असते. म्हणून पेट्रोलचा मॅप इनटेकच्या प्रेशरवर न बांधता थ्रॉटल आणि आरपीएमवर बांधा, म्हणजेच अल्फा-एन. टेबलमध्ये थ्रॉटलच्या ओळी 0, 1, 2, 3, 5, 7, 10, 15 अशा सुरुवातीला दाट ठेवा. थ्रॉटलचा बटरफ्लाय किंचित उघडला की हवा झपाट्याने वाढते. 60 टक्क्यांच्या पुढे फार फरक पडत नाही, तिथे दोन-तीन ओळी पुरतात.

मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) किंवा बंद ट्रॅकवर चौथ्या गिअरमध्ये ओढून लॉग घ्या. पूर्ण थ्रॉटलला लक्ष्य 0.86 ते 0.88, हलक्या क्रूझिंगला 0.98च्या आसपास. समजा 7,200 आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर लॉग 0.97 दाखवतो आणि हवं आहे 0.87. 0.97 भागिले 0.87 म्हणजे 1.115. टेबलच्या त्या चौकटीत पेट्रोलचा आकडा 82 असेल तर 91 करा, आणि शेजारच्या चौकटीही त्याच ओघात वाढवा, नाहीतर तिथे गाडी झटका मारेल. असा लीन आकडा दिसला की पुन्हा ओढू नका, थ्रॉटल सोडा. आधी दुरुस्ती, मग पुढचा लॉग.

इंजेक्टर पुरतोय का, हेही याच वेळी कळतं. 10,000 आरपीएमला फोर-स्ट्रोकचं एक पूर्ण चक्र 12 मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर 10 मिलिसेकंदांहून जास्त उघडा राहत असेल तर मोठा इंजेक्टर लावा. वेळ पुरेसा असूनही वरच्या आरपीएमला गाडी लीन होत जात असेल, तर मॅपला हात लावू नका. पेट्रोलचं प्रेशर मोजा, पंप दमतोय.

थ्रॉटल झटकन उघडल्यावरचं अडखळणं सगळ्यात शेवटी काढा. मूळ टेबल बरोबर झाल्याशिवाय पिकअपचं पेट्रोल वाढवणं म्हणजे दोन चुका एकमेकींवर रचणं. इग्निशन टायमिंगही पेट्रोलनंतरच. कॉम्प्रेशन वाढलेलं आहे, म्हणून पीक टॉर्कच्या भागात दोन-तीन डिग्री मागे घेऊन सुरुवात करा. डायनोवर एकेक डिग्री वाढवा आणि टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच सोडा. नॉकिंगचा जरासा खडखडाट आला तरी लगेच मागे या.

आणि आमच्या भागातल्यांनी हे नक्की करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. इथे अल्फा-एनवर लावलेली गाडी घाट उतरून गोव्यात नेली की हवेचा दाब सुमारे 6 टक्के वाढतो, थ्रॉटल आणि आरपीएम मात्र तेच राहतात, म्हणून गाडी तेवढी लीन चालते. पूर्ण थ्रॉटलचं 0.87 तिथे 0.92 होतं. उपाय सोपा आहे: मॅप सेन्सरची (पेट्रोलच्या मॅपशी संबंध नाही, हा इनटेकचा दाब मोजणारा MAP सेन्सर) नळी इनटेकवरून काढा, इनटेकची बाजू टोपण लावून बंद करा, सेन्सर बाहेरच्या हवेला मोकळा ठेवा आणि ईसीयूमध्ये त्याला बॅरोमेट्रिक करेक्शनसाठी, म्हणजे हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल बदलण्यासाठी, नेमा.