धान्यशेतीची स्पर्धाक्षमता मोजताना या चुका टाळा

खरीप संपत आला की माझ्या टेबलावर अहवालांची चळत वाढायला लागते. कुणा शेतकरी उत्पादक कंपनीला निर्यातीचा प्रकल्प बँकेपुढे ठेवायचा असतो, कुणाला प्रबंध सादर करायचा असतो. प्रश्न फिरून फिरून एकच असतो: आपला तांदूळ, गहू, मका जगाच्या बाजारात टिकतो का? प्रश्न फार चांगला आहे. तो चुकीच्या पद्धतीने सोडवला की त्याची किंमत शेतकरी मोजतो, अहवाल लिहिणारा नव्हे. म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहितोय.

सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. दोन भाव शेजारी ठेवायचे, वजाबाकी करायची आणि उत्तराला स्पर्धाक्षमता म्हणायचं. ते दोन भाव एकाच मालाचे आहेत का, एकाच ठिकाणचे आहेत का, पुढच्या वर्षीही लागू असतील का, हे कुणी विचारत नाही.

तांदळाच्या भावातून धानाचा भाव वजा करणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून हिला जास्त जागा देतो.

ऑक्टोबर २०२४. पूर्व विदर्भातल्या एका कंपनीचा अहवाल माझ्याकडे आला. लिहिणारा मुलगा हुशार, तक्ते देखणे. धानाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला २३०० रुपये होता. सप्टेंबरच्या शेवटी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावरची निर्यातबंदी उठवली होती आणि टनाला ४९० डॉलर ही किमान निर्यात किंमत लावली होती. त्याने डॉलर ८४ रुपयांना धरला. टनाचे झाले ४१,१६० रुपये, म्हणजे क्विंटलला ४११६. त्यातून २३०० वजा केले आणि ठळक अक्षरात लिहिलं: क्विंटलमागे १८१६ रुपयांची तफावत. संचालक मंडळ खूश. गोदामाच्या कर्जाचा अर्जही तयार.

मी त्याला बोलावून घेतलं आणि येताना धानाचा नमुना आणायला सांगितलं. शंभर ग्रॅम धान काट्यावर तोललं आणि नमुना भरडायच्या छोट्या यंत्रातून काढलं. तूस फुंकरीसरशी उडालं. पॉलिश झाल्यावर कोंडा वेगळा केला आणि तांदूळ परत काट्यावर ठेवला, तर ६६ ग्रॅम. मग आम्ही दोघांनी ताटात बसून कणी निवडली. अखंड दाणा उरला ४८ ग्रॅम. तो बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसला.

सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाला ६७ किलो कच्चा (म्हणजे न उकडलेला) तांदूळ असा उतारा धरतात, आणि त्या ६७ किलोत २५ टक्क्यांपर्यंत तुकडा, म्हणजे कणी, चालतो. परदेशी खरेदीदार पाच टक्के तुकड्याचा तांदूळ मागत असेल, तर हिशेब आणखी घट्ट होतो. तुकडा धरूनही २३०० ला ६७ टक्क्यांनी भागा: तांदळाचा कच्चा खर्चच क्विंटलला ३४३३ रुपये. १८१६ ची तफावत ६८३ वर आली. आता त्या ६८३ मधून भरडाई, बारदान, हमाली, गोंदियाहून काकीनाडा किंवा विशाखापट्टणमपर्यंतचं भाडं, बंदरावरची हाताळणी, धुरी, तपासणी आणि पैसे अडकतात त्याचं व्याज भागवायचं. कोंडा, कणी, तूस विकून काही पैसे परत येतात, ते जरूर धरा. पण १८१६ कुठे आणि हे कुठे.

शिवाय ४९० डॉलर हा कुणी गिऱ्हाइकाने देऊ केलेला भाव नव्हता. याच्या खाली विकू नका, एवढंच त्या अटीत होतं. त्याच ऑक्टोबरात सरकारने ती काढूनही टाकली. किमान किंमत म्हणजे बाजारभाव समजणारे लोक मला दर हंगामात भेटतात.

माझी सवय सांगतो. कोऱ्या कागदावर तीन ओळी आखायच्या: शेत, गिरणी, जहाज. प्रत्येक ओळीत माल कोणत्या रूपात आहे, किती किलो उरला आहे आणि तिथपर्यंत किती रुपये लागले आहेत, हे हाताने लिहायचं. थायलंड-व्हिएतनामच्या भावाशी तुलना करायची ती फक्त तिसऱ्या ओळीत, तेवढ्याच तुकड्याच्या तांदळाशी. संगणकावरचा तयार तक्ता ही पायरी लपवतो. नवखी मुलं तक्ता उघडूनच सुरुवात करतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

हेक्टरी उत्पादनालाच स्पर्धाक्षमता समजणं

“फ्रान्स हेक्टरी सात टन गहू काढतो, आपण साडेतीन. म्हणून आपण मागे.” हे वाक्य इतक्या अहवालांत आहे की आता ते मी वाचतही नाही, थेट खुणेने खोडतो.

ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथला गहू सरासरीने हेक्टरी दोन-अडीच टनांच्या आसपास येतो, आपल्यापेक्षा कमी. तरी तो देश आपल्या गव्हाचा मोठा हिस्सा निर्यात करतो. पावसावरची शेती, हजारो हेक्टरची शेतं, हेक्टरी खत कमी, माणसं मोजकी आणि धान्य रेल्वेने थेट बंदरावर. त्यांचा टनामागचा खर्च म्हणूनच आटोक्यात राहतो. आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर. एवढ्याशा तुकड्यावर पाणी, खत, मजुरी ओतून हेक्टरी साडेतीन टन काढणं हे आपल्या शेतकऱ्याचं कर्तृत्व आहे, यात मला शंका नाही. पण परदेशी गिऱ्हाईक हेक्टर विकत घेत नाही, टन विकत घेतं. म्हणून खर्चही टनामागेच मांडा.

इथेच दुसरा खड्डा आहे. खर्च कुठला धरायचा? आपला कृषी मूल्य आयोग वेगवेगळे खर्च काढतो. ए-२ म्हणजे खिशातून गेलेले पैसे. ए-२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी मिळवलेली. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता आणि ए-२ अधिक एफएल खर्च ११८२. लोक हा ११८२ उचलतात आणि अमेरिकी कृषी खात्याच्या एकूण खर्चाशी लावतात. त्या अमेरिकी आकड्यात जमिनीचं भाडं आणि घरच्या मजुरीचं मोल दोन्ही धरलेलं असतं. एका बाजूला जमीन फुकट आणि दुसऱ्या बाजूला भाड्याची, मग आपण स्वस्त दिसणारच. तुलना करायची तर सी-२ शी करा.

एका चांगल्या वर्षावर उडी मारणं

ही माझी दुसरी दुखरी जागा.

२०२२ चा मार्च-एप्रिल आठवा. युक्रेनचं युद्ध सुरू झालेलं, काळ्या समुद्रातला गहू अडकलेला, जगभरात भाव भडकलेले. २०२१-२२ या वर्षात आपण साधारण ७० लाख टन गहू निर्यात केला होता. वर्षानुवर्षं आपला गहू जागतिक भावापेक्षा महाग पडायचा, आणि एकाएकी तो स्वस्त ठरला. व्यापारी गावोगाव फिरून हमीभावाच्या वर खरेदी करत होते.

मध्य प्रदेशातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम तेव्हा मी बघायचो. तिथल्या व्यवस्थापकाने मला फोन केला, “साहेब, या वर्षी कांडल्याला माल घालू. आपला गहू आता जगात चालतोय.” मी विचारलं, एलसी (खरेदीदाराच्या बँकेने पैशांची हमी देणारं पत्र, लेटर ऑफ क्रेडिट) आली का? नाही, म्हणाला, पण निर्यातदाराचा शब्द पक्का आहे. मी म्हटलं, शब्दावर ट्रक भरू नका. त्याच्या सभासदांना पैशांची घाई होती, शेजारच्या गावातले ट्रक निघालेले दिसत होते, आणि त्याला थांबवेना.

१३ मे २०२२, शुक्रवार. गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्या तारखेपर्यंत ज्यांच्या हातात अपरिवर्तनीय एलसी होती, त्यांना सूट होती. याच्याकडे नव्हती. कांडला बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि त्यात याचेही अकरा ट्रक होते. निर्यातदाराने माल उतरवून घ्यायला नकार दिला. ट्रकवाल्यांचं थांबण्याचं भाडं दिवसागणिक चढत होतं. शेवटी गहू तिथल्याच पिठाच्या गिरण्यांना पडेल भावात द्यावा लागला. सभासदांच्या बैठकीत एक म्हातारे शेतकरी एवढंच म्हणाले, “आम्ही तर घरापाशी विकणार होतो.” ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

त्या वर्षी आपली शेती एकदम कार्यक्षम झाली नव्हती. जगाचा भाव वर गेला होता, एवढंच. उलट मार्चच्या उष्णतेने दाणा बारीक पडला होता. बाहेर भाव वाढले की आत महागाईची काळजी वाढते आणि दार बंद होतं. म्हणजे ज्या वर्षी निर्यात सगळ्यात फायद्याची दिसते, नेमक्या त्याच वर्षी ती थांबवली जाण्याची शक्यता जास्त. गव्हाची निर्यात २००७ पासून २०११ पर्यंत बंद होती. तुकडा तांदळावर सप्टेंबर २०२२ मध्ये बंदी आली, पांढऱ्या तांदळावर २० जुलै २०२३ ला, उकड्यावर त्यानंतरच्या महिन्यात २० टक्के शुल्क लागलं. जागतिक तांदूळ व्यापारात आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास, तरी गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षीची खात्री देता येत नाही. ती खात्री हासुद्धा मालाचाच भाग आहे.

म्हणून मी कुठल्याही पिकासाठी आधी एक पट्टी काढतो. मागची पंधरा वर्षं, महिन्यांचे चौकोन. निर्यात खुली असेल तो हिरवा, शुल्क किंवा किमान किंमत असेल तो पिवळा, बंद असेल तो लाल. अर्धा दिवस जातो. ती पट्टी भिंतीवर लावल्याशिवाय मी नफ्याचा अंदाज लिहीत नाही, आणि ज्याला अर्धा दिवस द्यायचा नाही त्याच्या अहवालावर सहीही करत नाही.

मक्याचंही तेच झालं. आपण निर्यातदार होतो. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, देशातला भाव चढला, आणि २०२४ मध्ये आपण म्यानमार-युक्रेनमधून मका आणत होतो. शेतात काहीच बदललं नव्हतं.

सवलतींचा हिशेब अर्धाच करणं

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. पंजाबात शेतीची वीज फुकट आहे, आणि धानासाठी उपसलेल्या भूजलाची किंमत कुणीच भरत नाही. असा तांदूळ बंदरावर स्वस्त दिसला, तर ती स्वस्ताई शेताची किती आणि तिजोरीची व विहिरीची किती, हे वेगळं काढायलाच हवं. मी दोन रकाने करतो: शेतकऱ्याने भरलेलं आणि देशाने भरलेलं.

पण फक्त एवढंच लिहून थांबणारे लोकही चुकतात. निर्यातबंदी, शुल्क, साठ्यावरच्या मर्यादा यांमुळे आपल्या शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी मिळतं. हे दोन्ही धरून आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने काढलेला भारतीय उत्पादकांचा निव्वळ आधार उणे येतो. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेतलं. विद्युत सवलतीवर पानभर टीका करून बंदीबद्दल अवाक्षर न काढणारा अहवाल मला अन्यायकारक वाटतो.

आणि या बाकीच्या

अर्थतज्ज्ञ बेला बालासा यांनी १९६५ मध्ये रूढ केलेला तुलनात्मक लाभाचा निर्देशांक, म्हणजे एखाद्या मालात देश जगाच्या मानाने किती पुढे आहे हे दाखवणारा आकडा, निर्यातीच्या वाट्यावरून काढतात. बंदीच्या वर्षी तो पडणारच. त्यावरून “शेतकऱ्यांची कार्यक्षमता घटली” असं लिहू नका.

चलनाचा दर विसरू नका. २०१४ नंतर रूबल घसरला आणि रशियाचा गहू डॉलरमध्ये स्वस्त झाला. त्या काळातल्या रशियाच्या यशात याचा मोठा वाटा आहे.

धान्यात उरणाऱ्या औषधांच्या अवशेषांची मर्यादा आधी बघा, भाव नंतर. युरोपीय संघाने २०१८ च्या सुरुवातीपासून ट्रायसायक्लाझोलची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि करप्यासाठी हे बुरशीनाशक फवारलेल्या बासमतीला कितीही चांगला भाव असला तरी तिथे दार बंद झालं.

अमेरिकेत धान्याचे भाव बुशेलवर लागतात, पण बुशेल म्हणजे वजनाचं एकच माप नाही. गव्हाचं बुशेल ६० पौंडांचं, म्हणजे २७.२ किलोचं. मक्याचं ५६ पौंडांचं, म्हणजे २५.४ किलोचं. शिकागोच्या वायदेबाजारातला मक्याचा भाव २७.२ ने भागलेला अहवाल मी याच महिन्यात परत पाठवला आहे, आणि सोबत दोन्ही आकडे पेन्सिलीने समासात लिहून दिले आहेत.