डी.एल.एड.ची दोन वर्षे : वर्गात बसून शिकलेले अध्यापन

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड.ला प्रवेश घेऊ इच्छिणारी मुले-मुली मला भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा भरतीबद्दल असतो आणि दुसरा परीक्षेबद्दल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. परंतु या दोन वर्षांत आपण प्रत्यक्ष शाळेच्या वर्गात किती दिवस असणार आणि तिथे आपल्यासोबत कोण असणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मी २०१६ ते २०१८ या काळात सातारा जिल्ह्यात हा अभ्यासक्रम पूर्ण केला, २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून रुजू झाले, आणि आज मला शिकवताना जे काही येते त्यातील बहुतेक भाग मी दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावात, एका जुन्या शिक्षकांशेजारी बसून शिकले. म्हणून हा अनुभव मी त्याच अंगाने सांगणार आहे.

आधी रचना थोडक्यात सांगते. डी.एल.एड. ही बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका असून जुन्या लोकांच्या तोंडी ती अजूनही डी.एड.च आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार बारावीला किमान ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते. महाराष्ट्रात प्रवेश गुणवत्तायादीने व ऑनलाइन पद्धतीने होतो. याच निकषांत शाळेतील अनुभवासाठी एकूण किमान २० आठवडे ठरवून दिलेले आहेत: पहिल्या वर्षी ४ आठवडे, मुख्यतः वर्गनिरीक्षण आणि शाळेची ओळख यांसाठी, आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे प्रत्यक्ष आंतरवासितेसाठी. अध्यापक विद्यालयातील तासांना ८० टक्के हजेरी पुरते, पण शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के लागते. हा फरक ज्यांनी नियमात घातला त्यांना या शिक्षणाचे मर्म नेमके कळले होते, असे मला वाटते.

त्यामुळे अध्यापक विद्यालय निवडताना इमारत किंवा निकालाचा फलक पाहण्याऐवजी तेथील सरावशाळा, म्हणजे विद्यार्थी जिथे पाठ घेतात त्या शाळा, कोणत्या आहेत, हे विचारावे. भरती वर्षानुवर्षे लांबत गेल्याने राज्यातील अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली आणि काही ठिकाणी आजही जागा रिकाम्या राहतात, म्हणजे निवडीला वाव आहे. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे की मागच्या महिन्यात तुम्ही किती दिवस शाळेत होता, पाठ घेताना प्राध्यापक शेवटपर्यंत वर्गात बसतात की सही करून निघून जातात, आणि शाळेतले शिक्षक तुमच्याशी पाठानंतर बोलतात का. हजेरीची फारशी गरज नाही, फक्त परीक्षेला या, असे जिथे आडून सुचवले जाते, तिथे फी कितीही कमी असली तरी जाऊ नये. माझ्या ओळखीच्या एका मुलीने अशाच ठिकाणी प्रवेश घेतला. पदविका मिळाली, पण पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवले तेव्हा मुलांना एका जागी बसवायचे कसे, इथपासून तिला सुरुवात करावी लागली.

पहिले वर्ष बव्हंशी विद्यालयातच जाते. बालमानसशास्त्र, विषयांच्या अध्यापनपद्धती, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे सारे असते. सूक्ष्म अध्यापनात आपलेच वर्गमित्र विद्यार्थी होऊन समोर बसतात आणि आपण पाच-सहा मिनिटांत प्रश्न विचारणे किंवा उदाहरण देणे असे एखादेच कौशल्य दाखवायचे असते. सुरुवातीला हे लटके वाटते. परंतु आपला आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो का आणि आपण एकाच बाजूला पाहून बोलतो का, हे तिथेच लक्षात येते. फलकलेखनाचा सराव मात्र कोणी करून घेईलच असे नाही, तो स्वतः करावा. पहिलीचे मूल फळ्यावरचे अक्षर पाहून जसेच्या तसे गिरवते. आपण 'ळ' किंवा 'ख' घाईत कसाबसा काढला, तर महिन्याभराने तोच वीस वह्यांत उतरलेला दिसतो. मी रोज संध्याकाळी अर्धा तास रिकाम्या वर्गात ओळ सरळ ठेवून लिहिण्याचा सराव करत असे आणि त्या अर्ध्या तासाचा मला आजवर उपयोग होतो.

पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, हा या शिक्षणातील सर्वांत वेळखाऊ भाग. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने भरता भरता रात्र होते, आणि मग मागच्या तुकडीच्या वह्या उतरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. रकाने कोणतेही असोत, टाचण लिहिताना 'इथे मूल काय चुकेल' हा एक प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर समासात लिहून ठेवावे. हे मला कोणी विद्यालयात सांगितले नव्हते. ते मला ज्या प्रसंगातून कळले, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

आंतरवासितेसाठी मला माण तालुक्यातील एका वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा मिळाली. दोन शिक्षक, चार वर्ग, पट बत्तीस. त्यात मेंढपाळ कुटुंबांची काही मुले, जी आई-वडिलांबरोबर काही महिने बाहेर जात. माझे मार्गदर्शक शिक्षक निवृत्तीला तीन वर्षे उरलेले गुरुजी होते. मुलांसमोर ते मला नेहमी 'मॅडम, तुम्ही' असे म्हणत, कारण मुलांनी मला शिक्षिका मानावे अशी त्यांची इच्छा होती. दुसरीच्या मुलांना दोन अंकी संख्या शिकवण्याचा माझा पाठ होता. मी आइस्क्रीमच्या काड्या गोळा करून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले होते, फळ्यावर दशक-एककाची घरे आखली होती, आणि पस्तीस मिनिटांचा पाठ अगदी टाचणाप्रमाणे पार पडला. निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी 'साहित्याचा प्रभावी वापर' असा शेरा दिला. मी खूश होते.

प्राध्यापक गेल्यावर गुरुजींनी मला खाली सतरंजीवर बसवले आणि एका मुलीची पाटी माझ्यासमोर धरली. मी 'पंचवीस लिहा' असे सांगितले होते आणि तिने ५२ लिहिले होते. मी सवयीने बोटाने ते पुसायला गेले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "पुसू नका मॅडम. आधी तिला विचारा, असं का लिहिलं." मी विचारले. मुलगी जराही न घाबरता म्हणाली, "तुमी पंच आदी म्हनला की. मग ईस." म्हणजे पाच आधी ऐकू आले म्हणून पाच आधी लिहिले, आणि विसातला दोन नंतर. तिच्या परीने तिने चोख काम केले होते. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णवपर्यंतच्या बहुतेक संख्यांत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो, ही अडचण मी आयुष्यभर मराठी बोलूनही कधी जाणली नव्हती. ती मला त्या सात वर्षांच्या मुलीच्या पाटीवर दिसली.

पुढचे तीन आठवडे गुरुजींनी तिच्यासह अशा चार मुलांना रोज दहा मिनिटे वेगळे बसवले व मला शेजारी बसून फक्त पाहायला सांगितले. ते संख्या म्हणत, मुले पाटीला हात न लावता आधी जमिनीवर गठ्ठे व सुट्या काड्या मांडत, मोठे गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे; मांडून झाल्यावर डावीकडून मोजत, आणि मगच पेन्सिल हातात घेत. 'एकोणतीस' आले तेव्हा एका मुलाने तीस ऐकून ३९ लिहिले. गुरुजींनी तीन गठ्ठे मांडले, एका गठ्ठ्याचे रबर सोडून त्यातली एक काडी काढून त्या मुलाच्या हातात दिली आणि विचारले, "आता तीस आहेत का?" मुलगा म्हणाला, "एक कमी हाय." "मग एक उणे तीस, म्हणून एकोणतीस." एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावे त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आपणहून काड्या काढत सांगितली. संख्यानामांची ही फोड मी बारावीपर्यंत शिकूनही ऐकलेली नव्हती.

दोन वर्षांनी, २०१९ साली, दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी नावेही दिली गेली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. हा बदल योग्य की अयोग्य यावर मते असू शकतात आणि रूढ नावे मुलांना यायलाच हवीत असे माझेही मत आहे; पण त्या चर्चेत जे लोक 'आम्ही नाही का शिकलो' असे म्हणत होते, त्यांना मला त्या मुलीची पाटी दाखवावीशी वाटत होती.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की आंतरवासितेत एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात मुलांच्या चुका जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि शेजारी मुलाने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहावे. अशा वहीला गुण नसतात, म्हणून कोणी तपासत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे मुलांच्या वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, वर्णनात्मक नोंदी करताना तिचा फार उपयोग होतो. नाहीतर छापील नमुन्यांतून 'गणिती क्रिया अचूक करतो' अशी वाक्ये सगळ्यांच्या नावापुढे उतरवली जातात आणि त्या मुलाला काय येत नाही हे पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला कळत नाही.

आणखी एक गोष्ट आंतरवासितेतच शिकून घ्यावी, ती म्हणजे बहुवर्ग अध्यापन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, आणि ग्रामीण भागात पट त्याहून पुष्कळ कमी असल्याने एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असणे हे नेहमीचे आहे. आपली टाचणे मात्र एका इयत्तेची असतात. गुरुजी पहिली-दुसरी एका खोलीत घेत. सकाळी गोष्ट किंवा गाणे दोघांना मिळून, मग दुसरीला पाटीवर काम देऊन पहिलीचे वाचन, मग पहिलीला मणी किंवा चिंचोके मोजायला बसवून दुसरीचे गणित. दुसरीतील एक-दोन मुले पहिलीच्या मुलांना शब्दकार्डे वाचून दाखवत. एका इयत्तेला दिलेले काम किती मिनिटे पुरेल, याचा अंदाज हेच यातले खरे कौशल्य आहे. तो अंदाज माझा पहिला पंधरवडा सतत चुकत असे. काम सातव्या मिनिटाला संपे आणि खोलीत गलका होई.

हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशनोंदवही), दाखला, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी हे कामही एकदा जवळ बसून पाहून घ्यावे. जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख चुकली, तर त्या मुलाला पुढे अनेक वर्षे त्रास होतो.

आता परीक्षांविषयी. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक असतो: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात व राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. मी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, आणि पहिल्या वेळी गुण गेले ते बालमानसशास्त्रात, कारण मी व्याख्या पाठ केल्या होत्या व प्रश्न मात्र वर्गातील प्रसंगांवर होते. त्यानंतर भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते, २०० गुणांची आणि दोन तासांची, आणि तिच्या गुणांवर शासनाच्या 'पवित्र' या शिक्षकभरतीच्या पोर्टलमार्फत निवड होते. ही चाचणी दरवर्षी होतेच असे नाही: पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि नंतरची थेट २०२३ मध्ये. मी २०१८ मध्ये पदविका पूर्ण केल्याने पहिली माझ्या हातून निसटली आणि पाच वर्षे थांबावे लागले. त्या काळात मी तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवले. ते अवघड गेले, पण वर्ग सुटला नाही, याचे समाधान आहे.

बी.एड. करून प्राथमिकला येता येईल का, असे अनेक जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता मान्य होणार नाही असे स्पष्ट केले आहे, त्यामुळे लहान मुलांना शिकवायचे असेल तर डी.एल.एड.चाच रस्ता धरावा. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रमही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार येत आहे. ज्यांना पदवीही हवी आहे त्यांनी आपल्या भागात तो कुठे सुरू आहे याची चौकशी प्रवेशाआधी करावी.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकसाठी हे मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे, त्याआधी ते ६,००० होते. नेमणूक बहुधा घरापासून दूर मिळते, खोलीचे भाडे आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातूनच भागवावा लागतो, आणि तीन वर्षे घरी फारसे पैसे पाठवता येत नाहीत. ही गोष्ट प्रवेश घेण्याआधी आई-वडिलांशी बसून बोलून घ्यावी. माझ्या घरी ती नेमणुकीचे पत्र हातात पडल्यावर निघाली, आणि वडिलांना ती समजावून सांगण्यात आमची पूर्ण दिवाळी गेली.